अहवालातला नारळ

अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं आमच्या धुळ्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. जायचं, जागा बघायची, चार जबाब घ्यायचे, सही करायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. सत्त्याऐंशी सालचा कापसाचा हंगाम संपत आला होता. त्या एका हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांत गेलेले एवढे हात मी पाहिले होते, की जेवताना स्वतःच्या हाताकडे बघणं नको वाटायचं. कारखान्यांतले अपघात तपासणं ही माझी नोकरी. माणूस मेल्यावर पोचायचं आणि तो का मेला ते कागदावर लिहायचं. एरंडोलला घरी गेलो की आई विचारायची, तू नक्की करतोस काय? मी सांगायचो, उशिरा पोचतो.

गावाचं नाव सांगत नाही. शिंदखेड्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. तिथल्या रतिलालशेठच्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली होती. गंजी म्हणजे उघड्यावर रचलेला कापसाचा ढीग, हा चांगला दुमजली घराएवढा होता. नगरपालिकेचा आगीचा बंब गेला, दिवसभर आणि रात्रभर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंबावरचा फायरमन देवचंद बैसाणे त्या गंजीवर चढला आणि आत पडून मेला.

वरून विझलेली गंजी आतून विझलेली नसते. पाणी वरच्या थराला लागतं, तो थर काळा, ओला आणि घट्ट होतो. आग आत बसून कापूस खात राहते. भाकरी फुगल्यावर आत जशी पोकळ असते, तशी ती गंजी होते. देवचंदच्या पायाखालचा पापुद्रा फुटला. त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला, आणि त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही.

पालिकेत मुख्याधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि तयार जबाब दिले. सगळे जबाब एका सुरात होते. दुपारी आग विझल्याचं जाहीर झालं, बंबाचं काम संपलं, त्यानंतर मयत हा पूजेचा नारळ फोडण्यासाठी स्वखुशीने गंजीवर चढला. स्वखुशीने! सरकारी कागदात माणूस स्वखुशीने फक्त मरतो, बाकी सगळं त्याला आदेशाने करावं लागतं.

नारळाचं मला नवल वाटलं नाही. त्या भागात जिनिंगला आग लागून गेली की शेठ नारळ आणि दहीभात आणवायचा. आग ‘थंडी’ करायची असायची. बंबावरचा कुणीतरी जळक्या गंजीच्या माथ्यावर चढायचा, नारळ फोडायचा, दहीभात ठेवायचा, आणि खाली सगळे हात जोडायचे. मग आग परत येत नाही म्हणे. मी स्वतः हे पाहिलं होतं आणि प्रसादाचं खोबरंही खाल्लं होतं.

“वाईट झालं,” मुख्याधिकारी म्हणाले. “पण पूजा हे काही पालिकेचं काम नाही. कामावर गेला असता तर बायकोला भरपाई, नोकरी, सगळं दिलं असतं. आमचा नाइलाज आहे.”

“त्या राहतात कुठे?”

“पालिकेच्याच खोलीत. तीही रिकामी करायला सांगावी लागेल आता.”

म्हणजे सगळं त्या नारळावर येऊन ठेपलं होतं. देवचंद कामावर मेला की पूजेत मेला, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या अहवालाने ठरणार होतं. नारळ राहिला तर त्या बाईची खोली, भरपाई, नोकरी, सगळं गेलं.

एसटीला अजून वेळ होता. मयताच्या बायकोचा जबाब नसला की वरचे साहेब फाईल परत पाठवतात, म्हणून मी तिच्याकडे गेलो. दुसरं काही कारण नव्हतं.

ताईबाई बैसाणे खोलीच्या दारात बसून मिरच्यांची देठं काढत होती. दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याची पोती होती, मजुरीचं काम. मी आत बसलो आणि शिंकायला लागलो. तिने पाणी आणून दिलं आणि परत देठं काढायला बसली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. नाव, वय, शिक्षण, मुलं किती. शिक्षण सातवी पास. मग तिला बाकीच्यांचे जबाब वाचून दाखवले. ‘नारळ फोडण्यासाठी’ या शब्दांपाशी तिचा हात थांबला.

“काय फोडायला?”

“नारळ.”

“कोणी? ह्यांनी?”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. विधवा होऊन महिनाही न झालेल्या बाईचं तसलं हसू मी आधी पाहिलं नव्हतं, परत पाहायची इच्छाही नाही.

“साहेब, आमच्या घरात नारळ फुटत नाही. माझ्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून नाही. आमच्या लग्नात नाही फुटला. पालिकेत नवा बंब आला तेव्हा सगळ्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. हे लांब उभे राहिले. त्यावरून किती दिवस टोमणे खाल्ले. ज्या बंबावर रोज जीव टाकायचा त्याच्यासाठी फोडला नाही, तो शेठच्या कापसासाठी फोडतील?”

समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. आत येतानाच मला ती दिसली होती. दिसली होती आणि मी शिंकत बसलो होतो.

“नोकरी मिळेल, न मिळेल,” ती म्हणाली. “पण वस्तीत लोक विचारतात, शेठच्या दक्षिणेसाठी देवचंद वर गेला होता का? माझा मोठा मुलगा शाळेतून येऊन मला विचारतो, आई, बाबा पूजा करायचे? साहेब, आधी तो नारळ काढा. कागदातून काढा तो.”

माझी एसटी गेली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आधी तिचाच आला. सगळं सरळ चाललं होतं. चार जबाब जुळत होते. आता परत सगळ्यांना बोलवायचं, परत तीच तोंडं बघायची, परत तोच चहा प्यायचा. रात्र मी लॉजवर ढेकणांच्या संगतीत काढली. सकाळपर्यंत राग जायला हवा होता. गेला नाही, फक्त ताईबाईवरून निघून मुख्याधिकाऱ्यांवर जाऊन बसला.

सकाळी मी बंबाच्या शेडमध्ये गेलो. तिथे हिलाल होता. हिलाल बंबाचा ड्रायव्हर, आडव्या अंगाचा, मिशीवाला माणूस. तो आणि देवचंद एकाच वर्षी पालिकेत लागले होते. त्याने बंब धुवायला काढला होता आणि मला बघूनही पाईप बंद केला नाही.

“मी जबाब दिलाय, साहेब.”

“खोटा दिलाय. बैसाणे नारळ फोडणाऱ्यातला होता का?”

तो चाकावर पाणी मारत राहिला. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

“साहेब, विझली असं मुख्याधिकारी साहेबांनी सांगितलं,” तो शेवटी म्हणाला. “बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. शेतकरी शिव्या देत होते, बैल उपाशी उभे. शेठला आवार मोकळं करून हवं होतं. साहेबांनी फोन करून जिल्ह्याला कळवूनसुद्धा टाकलं, आग विझली म्हणून. एकदा वर कळवलं की विझली, मग ती विझलीच ना? आम्ही बंबावरच्या माणसांनी म्हणायचं का, नाही विझली?”

“मग तो वर कशाला गेला?”

“मला पोरी उजवायच्या आहेत, साहेब,” हिलाल म्हणाला आणि पाईप घेऊन बंबाच्या पलीकडे गेला.

मी सगळ्यांना पालिकेच्या सभागृहात एकत्र बोलावलं. ताईबाईलाही. मुख्याधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. रतिलालशेठ वेळेवर आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि येताच डोळे पुसून म्हणाले, देवमाणूस होता हो. ते खोटं रडत होते असं मी म्हणणार नाही. माणूस मेल्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, फक्त तो त्यांच्या घाईने मेला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी आपापले जबाब पुन्हा तसेच म्हटले. शाळेत कविता म्हणतात तसे. हिलालनेही म्हटला, खाली मान घालून. मग ताईबाई उठली आणि म्हणाली, मला ह्यांना एक विचारायचंय.

“त्यांना विचारायचा अधिकार आहे का?” मुख्याधिकारी म्हणाले.

“आहे,” मी म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं. पण एवढी वर्षं नोकरी करून एक गोष्ट कळली होती, की ठासून सांगितलं तर नियम कुणी उघडून बघत नाही.

माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलत आली होती. आता ती हिलालशी घरची भाषा बोलली.

“हिलाल भाऊ, मन्हाकडे दखा.”

हिलाल फरशीकडे बघत होता.

“मन्हाकडे दखा, भाऊ. नारळ कोना हातमा व्हता?”

रतिलालशेठ खाकरले. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“मन्हा,” हिलाल म्हणाला. “मन्हा हातमा व्हता, वहिनी.”

मग त्याला थांबवायची कुणाची टाप नव्हती. दर आगीनंतर गंजीवर तोच चढायचा. त्या दिवशीही शेठने नारळ त्याच्याच हातात दिला आणि तो चढायला लागला. देवचंदने मागून त्याचा सदरा धरला. “ऊतर खाले, आजून गरम शे,” म्हणाला. खालून मुख्याधिकारी ओरडले, अरे किती वेळ, आटपा लवकर. तेव्हा देवचंद म्हणाला, मग थांब, मी आधी बघतो. एक बांबू घेऊन तो हिलालच्या पुढे गेला. जागोजागी बांबू खुपसून बघत, जपून चालला होता. एका ठिकाणी बांबू आत गेला तो गेलाच, आणि त्याच्यामागोमाग देवचंद.

“नारळ मी फेकी दिना,” हिलाल म्हणाला. “मी पळनू, वहिनी. मी खाले पळनू.”

तो सगळ्यांसमोर रडायला लागला, एवढा मोठा माणूस. ताईबाई रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि पदराने तोंडावरचा घाम पुसला. मुख्याधिकारी म्हणाले, आता जेवणाची सुट्टी करू या.

जिन्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. माणूस हुशार होता.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “नारळ काढून टाका, माझी हरकत नाही. पण आग दुपारी विझली, ही नोंद तशीच राहू द्या. ती मी वर कळवलेली आहे.”

म्हणजे नारळ गेला तरी काम संपलेलंच राहणार होतं, आणि काम संपल्यावर मेलेल्या माणसाचं पालिका काही देणं लागत नव्हती. नारळ त्यांनी माझ्या पदरात टाकला आणि बाई तशीच उघड्यावर ठेवली.

“मग काय लिहू?” मी जिन्यातच ओरडलो. “विझलेल्या आगीत जळून मेला?”

खाली रांगेत उभी असलेली माणसं वर बघायला लागली. मुख्याधिकारी खोलीत गेले. धुळ्याला परत येऊन मी अहवाल लिहिला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा खोडून लिहीत होतो. शेवटी ते असं झालं: ‘आग मयताच्या मृत्यूनंतर, गंजी जमिनीपर्यंत उघडल्यावर विझली, मृत्यूच्या वेळी आग चालू होती आणि मयत ती तपासण्याच्या कामावर होता.’ माझ्या नोकरीत मी फारसं काही चांगलं लिहिलं नाही. हे वाक्य चांगलं होतं, आणि ते लिहून मला बरं वाटलं.

त्यापुढचं सगळं नेहमीसारखं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले. भरपाई मंजूर झाली, पण मिळेपर्यंत ताईबाईने पुढच्या हंगामाच्या मिरच्याही निवडून दिल्या. हिलालला आधी खोटा जबाब दिल्याबद्दल पालिकेने निलंबित केलं. खोट्याला तो चिकटून राहिला असता तर कुणी हात लावला नसता. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, चांगल्या गावी.

माझ्या अहवालानंतर अशा आगींसाठी नियम करायची बैठक जळगावला झाली. दोन्ही जिल्ह्यांतले अधिकारी, जिनिंगवाले, पालिकांचे बंबप्रमुख. एकाने सुचवलं, गंजीवर चढायला पक्की शिडी ठेवावी. दुसऱ्याने सुचवलं, पूजेसाठी लेखी परवानगी घ्यावी. एका शेठने विचारलं, नारळ खाली फोडला तर पोचतो का? मी म्हणालो, कुठे पोचायचा आहे? कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत माझं डोकं इतकं दुखायला लागलं, की मी देवचंदबद्दलचं ते वाक्य उभं राहून मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, यातला ‘गंजी जमिनीपर्यंत उघडल्यावर विझली’ एवढा तुकडा घ्या. तेवढाच नियम करा.

तेवढाच झाला. गंजी उपसून खालची जमीन दिसल्याशिवाय आग विझली असं कुणी म्हणायचं नाही, लिहायचं नाही, वर कळवायचं नाही. तोवर गंजीवर कुणी पाय ठेवायचा नाही आणि बंब जागेवरून हलायचा नाही. जमीन पाहणाऱ्या माणसाने बंबाच्या शेडमध्ये स्वतः फोन करायचा, तेव्हाच तिथे नोंद होईल. देवचंद बैसाणेचं नाव त्यात नव्हतं. नियमात नाव घालत नाहीत.

ताईबाईला पालिकेने नोकरी दिली. सातवी पास होती, म्हणून शेडमध्ये फोनजवळ बसवली. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, घंटा द्यायची.

दोन हंगाम गेले. माझी नाशिकला बदली झाली तेव्हा सामान पाठवून दिलं आणि जायच्या आधी एकदा त्या गावी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. ताईबाईने टेबलावरचा कागद सरकवून माझ्यासाठी चहा मागवला. ती जाड झाली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. शेड रिकामी होती. बंब गावाबाहेरच्या एका जिनिंगला गेला होता, दोन दिवस झाले होते.

“माणसं नियमाला शिव्या देतात,” ती म्हणाली. “पूर्वी संध्याकाळपर्यंत घरी यायची. आता तीन तीन दिवस धुरात उभी. डोळे सुजतात, खोकला जात नाही. बायका डबा घेऊन जातात. तुम्हालाही शिव्या देतात, साहेब.”

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

“हिलाल भाऊला परत घेतलं. पण ड्रायव्हर नाही केलं, पाईप धरायला ठेवलंय. ह्या वयात.”

चहा आला तेवढ्यात फोन वाजला. तिने कानाला लावला. पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं. हिलालच होता. आवाज बसलेला, मधे मधे खोकत होता.

“वहिनी, इझनी म्हनीसन लिखी ल्या ना. बठ्ठा पोरे थकी ग्यात. दोन दिन व्हयी ग्यात.”

“जमीन दिखनी का, भाऊ?”

“थोडीशी बाकी शे. वहिनी, आते काही नही ऱ्हायनं तठे. धूर बी नही. लिखी ल्या, आम्ही घर जातस.”

ताईबाईने पेन उचललं नाही. ती बंबाच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

“हिलाल भाऊ,” ती म्हणाली, “अठे एकच खुर्ची शे. तिन्हावर मी बठेल शे. मंग तुमनी बायकोनी कोठे बठानं?”

पलीकडे हिलाल फोनपासून लांब होऊन कुणावर तरी ओरडला, फावडी उचला रे म्हणून.